सोजराबाई जेवेनात

मनोरच्या पुढे, हायवे सोडून आत डोंगराच्या अंगाला देवूचा पाडा आहे. तिथलं एक कुडाचं घर कमलेश आणि स्वातीनं राहायला ठरवलं होतं. स्वाती नर्स. पाड्यावर राहून बाळंतिणींकडे बघावं, मुलांना शिकवावं आणि प्रभूचं नाव तिथलं होऊन सांगावं, हे तिच्या मनात लग्नाआधीपासून होतं. कमलेश बोईसरच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पास्टर. कारखान्यांतले कामगार दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जमायचे. त्यांच्यासाठी दुसरा पास्टरही मिळाला होता. पाऊस सरला की निघायचं, म्हणून स्वातीनं भांडीसुद्धा बांधून भिंतीशी लावली होती.

गणपतीच्या सुमारास कमलेशच्या आईला, सोजराबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला.

सोजराबाई किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. जन्मभर त्यांनी बोईसरच्या बाजारात मासळी विकली. घरात येशूला पहिल्यांदा मानलं तेही त्यांनीच, लेक मागून आला. आता उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. 'हा', 'नाय' आणि 'कमू' एवढंच तोंडातून निघे. व्यायामासाठी त्यांना पालघरला न्यावं लागे. पाड्यावर नेणं शक्यच नव्हतं.

दिवाळीनंतर बघू, असं ठरलं. मग नाताळनंतर बघू. पाड्यावरून देवूचा 'कधी येताय' असा फोन आला की कमलेश बोलता बोलता दाराबाहेर जायचा.

एका रविवारी मंडळी सोजराबाईंसाठी प्रार्थना करत होती. "माताजी को उठा दे, प्रभु," कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणत होतं. स्वातीनं डोळे मिटले आणि तिच्या मनात शब्द आले, 'प्रभू, घेऊन जा आता त्यांना.' ती दचकली. त्यांचे हाल संपावेत म्हणून आपण असं मागितलं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते खरं नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात, देवूचा फोन ठेवून कमलेश स्वयंपाकघरात आला तेव्हा ती फुटलीच.

"किती दिवस अजून? देवाचं काम आपण एका खाटेला बांधून ठेवलंय."

"हळू बोल," कमलेश म्हणाला.

खाट पलीकडेच होती. मध्ये नुसता पडदा.

दुसऱ्या दिवसापासून सोजराबाईंनी तोंड मिटलं. स्वातीनं पेज भरवायला चमचा ओठाशी नेला की त्या मान फिरवत. औषध घेत, पाणी घेत, अन्न नाही. डॉक्टर येऊन गेले. गिळायला काही अडचण नाही, म्हणाले.

"आई, का असं करता?" एका दुपारी स्वातीनं कळवळून विचारलं. "आवडत नाही का? दुसरं करू?"

सोजराबाईंनी डावा हात उचलला आणि भिंतीशी बांधून ठेवलेल्या भांड्यांकडे बोट केलं. खूप प्रयत्नानं एक नवाच शब्द बाहेर आला.

"जा."

स्वातीच्या हातातली वाटी कलंडली. पेज चादरीवर सांडली, ती पुसायचंही तिला सुचलं नाही. त्या दिवशी पडद्याआडून त्या ऐकत होत्या. आणि सुनेची वाट मोकळी करायची म्हणून मुकाट्यानं मरायला निघाल्या होत्या.

"आई, मी बोलले ते तुम्ही ऐकलंत," ती खाटेशी बसून म्हणाली. "पण मी त्याहून वाईट वागले. मंडळी तुम्हाला उठव म्हणत होती, तेव्हा मी देवाला म्हटलं, घेऊन जा. मला माफ करा."

सोजराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. हे सांगून आपण नेमकं कुणाचं ओझं हलकं केलं, असा प्रश्न स्वातीला पडला. आता तर त्यांनी मरावं असं देवापाशी मागणाऱ्या सुनेच्या हातून त्यांना जेवायचं होतं.

संध्याकाळी तिनं कमलेशला सगळं सांगितलं. तो आईजवळ जाऊन बसला.

"आई, तुला उपाशी मारून मी पाड्यावर गेलो, तर तिथं देवाचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ? तू जेवली नाहीस तर मी कधीच जाणार नाही."

त्याच्या हातून त्यांनी चार घास घेतले. पुढे कितीतरी दिवस त्या त्याच्याच हातून जेवल्या. स्वाती पेज शिजवी आणि वाटी त्याच्याकडे देई.

नाताळ झाल्यावर देवू स्वतः बोईसरला आला.

"आताबी नाय येत तुमी?" त्यानं विचारलं.

"राहायला नाही," स्वाती म्हणाली. "पण दर शनिवारी मी येईन. त्या दिवशी हे सुट्टी घेऊन आईंपाशी बसतील."

"एक दिस?" देवूचं तोंड उतरलं. "आमी घर लिपून ठेवलं हाय."

"एकच दिवस, देवूदादा. पण चुकवणार नाही."

पहिल्या शनिवारी ती गेली तेव्हा पाडा निम्मा रिकामा होता. माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती. देवूच्या बायकोच्या, तानीच्या अंगणात मोजक्या बायका बसल्या होत्या. एक गरोदर पोर होती, तिला स्वातीनं तपासलं. मग येशूनं वादळ शांत केलं ती गोष्ट सांगितली. उठायच्या वेळी तानी म्हणाली, "तुमच्या सासूसाठी देवाकडं मागा ना."

स्वातीला तोंड उघडवेना. "तूच माग, तानी," ती म्हणाली.

"देवा, म्हातारीला बरी कर," तानीनं साधंच म्हटलं. "तिला हितं आण. आमाला बघायची हाय ती."

"आमेन," स्वाती उशिरा म्हणाली. मनापासून म्हणाली की नाही, ते तिचं तिलाच नीटसं कळलं नाही. पण पुढच्या शनिवारी तिनं ते स्वतः मागितलं, आणि त्याच्या पुढच्याही.

पाड्यावरचं ते घर पुढे देवूच्या पुतण्यानं घेतलं. कमलेश-स्वाती अजून बोईसरलाच आहेत. सोजराबाई आता उशीला टेकून बसतात. मंडळीत कुणी "सासूचं करावं तर स्वातीताईनं" म्हटलं की ती मान खाली घालून सतरंज्या गोळा करायला लागते.

शनिवारी ती परतली की सोजराबाई आधी तिचा हात धरून खाटेवर बसवून घेतात. कोण आलं होतं, कोण आजारी होतं, सगळं ऐकल्याशिवाय सोडत नाहीत.