साऱ्या जगाचा भोंगा

मित्रांनो, मी वडशाच्या नूर मोहम्मदच्या साउंड सर्विसमधला एक जुना भोंगा आहे. पत्रा ठोकून मला घडवलं, वरून करडा रंग फासला. आता रंगाचे पोपडे निघालेत, काठाला पोचा पडलाय. पण ऐन उमेदीत माझा आवाज ऐकला असता तर कानात बोटं घातली असती तुम्ही!

हिवाळ्यात आमच्या पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं लागली की माझ्याइतका मान कोणालाच नसे. नायिका रडायची तीही माझ्यातूनच. नाटक थांबवून हरवलेल्या माणसाचं नाव पुकारायचे, तेही माझ्यातूनच: "असतील तिथून स्टेजपाशी यावे." नाव पुकारलं की माणूस येतोच, अशी इकडच्या लोकांची खात्री. मलाही त्याची भारी घमेंड होती.

दोन हजार सालच्या डिसेंबरात एका कॉलेजात परिषद भरली. विषय होता 'इंटरनेटचे भविष्य'. गर्दी होईल म्हणून मला दाराबाहेर निंबाला बांधलं. कसली गर्दी नि काय! अर्ध्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

धानोऱ्याकडची सुकरीबाई मात्र एसटीने आली होती. तिची लेक मुकादमाबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेली, ती परतलीच नाही. मुकादम म्हणे, वाटेतच कुठेतरी उतरली. इंटरनेटवर इथे बोललेलं साऱ्या जगात जातं, असं सुकरीबाईला कोणीतरी सांगितलं. म्हणजे साऱ्या जगाचा भोंगा, असा तिने अर्थ लावला.

मोठ्या शहरातले पाहुणे बोलतच राहिले. जग एक खेडं होणार, कोणी कोणापासून दूर राहणार नाही. पडद्यावर चित्रं सरकली. इंटरनेट काही दिसलं नाही, कारण कॉलेजात ते आलंच नव्हतं.

सुकरीबाई उठली. "साहेब, माही पोरगी हरवली. तिचं नाव पुकारा न त्याच्यात."

पोरं फिदीफिदी हसली.

"बाई, हे भविष्य आहे," पाहुणे म्हणाले. "दहा-पंधरा वर्षांनी सगळं शक्य होईल."

"तवापर्यंत तिनं कुठी राहाचं, साहेब?"

"पुढचा प्रश्न," साहेब म्हणाले. मग टाळ्या झाल्या आणि सगळे चहाला गेले. अहो, पोरीचं नाव काय, एवढंही विचारलं नाही हो कोणी!

नूर मोहम्मद वायरी गुंडाळायला आला, तर ती माझ्याखालीच उभी.

"भाऊ, तुमी तरी पुकारा."

"बाई, याचा आवाज रेल्वे फाटकाच्या पुढं जात नाई."

"जाऊ द्या न, जाते तेवढा."

त्याने मशीन पुन्हा लावली. तिला पोरीचं नाव विचारून त्याने ते तीनदा पुकारलं. फाटकाजवळच्या दोन सायकलवाल्यांनी मागे वळून पाहिलं आणि ते निघून गेले. पुकारल्यावर थांबायचं असतं, म्हणून सुकरीबाई निंबाखाली बसून राहिली. तिची एसटी गेली. कोणी आलं नाही. माझी सगळी घमेंड त्या दुपारी मातीत गेली.

आता मी दुकानाच्या माळ्यावर पडून आहे. चौकात इंटरनेटचं दुकान निघालंय. पोरं तिथे गाड्यांच्या शर्यती खेळतात.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. फक्त ऐकून ठेवा. नाव सत्यशीला. वय सतरा होतं. उजव्या भुवईवर गोंदणाचा ठिपका. कुठेही दिसली तर तिला सांगा, आई वाट पाहून राह्यली.