साडेसातची कडी

"जन्मसाल विचारतंय. आणि पालक कोण, तेही." लेकीच्या टॅबवर कुलपाचं ॲप घालता घालता आई म्हणाली.

"मग टाक की स्वतःचं नाव. मावशीला कुठे विचारतंय ते!" ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "आणि कडक लाव बाई. मी दिवसभर घसा कोरडा करते, पण ही ठमाबाई टॅबमधून मान वर काढेल तर शपथ."

ठमाबाई, वय वर्षे आठ, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून सगळं बघत होती. आई महिन्यातून एकदाच यायची. आली की ठमी तिच्या अंगाला अशी चिकटायची की पाणी प्यायला उठायचीही चोरी. नवरा गेल्यावर आईला दूरच्या शहरातल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. वर्षभरात कायम झाली की ठमीला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. तोवर ठमी मावशीकडे, म्हणजे ताईच्या घरी.

"खेळांना चाळीस मिनिटं," आई म्हणाली. "आणि संध्याकाळी साडेसातला कुलूप. सकाळी सातपर्यंत."

"मग तू तिथून मला बंद करणार?"

"तुला नाही गं राणी, टॅबला. आणि अगदीच हवा असला तर हे बटण दाबायचं. मला विनंती येईल. मी हो म्हटलं की उघडेल."

"तू लगेच हो म्हणशील?"

"बघेन, वागतेस कशी त्यावर."

पडद्यावर आणखी एक प्रश्न होता, कुलूप लागल्यावरही कोणती ॲप चालू ठेवायची. बसला वीस मिनिटं उरली होती. तिने 'नंतर' दाबलं आणि पिशवी उचलली. बसमध्ये बसल्यावर तिला फार बरं वाटलं. दोनशे मैलांवरून का होईना, लेकीला कुणीतरी "पुरे आता" म्हणणार होतं, आणि ते कुणीतरी ती होती.

इस्पितळाच्या तळघरात तिचं काम होतं. शस्त्रक्रियेची वापरलेली हत्यारं धुऊन येत. चिमटे, कात्र्या, पकडी मोजून ट्रेमध्ये लावायच्या, कापडात बांधायच्या, वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या यंत्रात ढकलायच्या. एक चिमटा कमी भरला तरी वरून आरडाओरडा. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, यंत्रांचा घरघराट, बोलणार कुणाशी? मोबाईल लॉकरमध्ये. सात वाजता सुटायचं, चालत खोलीवर पोचायचं, आणि पावणेआठला ठमीचा व्हिडिओ कॉल. दिवसभराचं बोलणं त्या वीस मिनिटांत व्हायचं.

परतल्यावर पहिल्याच दुपारी ठमीने खेळाला वेळ मागून मागून लॉकर दणाणून सोडला.

"अहो बाई, लॉकर आहे का मधमाश्यांचं पोळं?" सुपरवायझर बाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. तिने त्या सगळ्या मागण्या नाकारल्या, ॲपचा आवाज बंद केला, सूचनाही बंद केल्या. रोज रात्री उघडून बघू, असं ठरवलं आणि विसरली.

पण पावणेआठचा कॉलही येईनासा झाला. तिने स्वतः लावला तर तिच्या कानात नुसती रिंग वाजत राही. मग ताईच्या फोनवर.

"थांब, देते. घे गं, आई आहे."

"जेवलीस?"

"हो."

"शाळा?"

"होती."

"आज काय केलंस?"

"काही नाही. ठेवू?"

ताई फोन परत घेऊन म्हणायची, "अगं, मुलं मोठी होतात. रमलीये, तेच बघ. रडत बसली असती तर?" ते खरंच होतं. रडत बसली असती तर ती रजा टाकून धावली असती. रमलेल्या मुलीचं काय करायचं, ते तिला कळेना. खोलीत येऊन ती मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची, समोर बसून जेवायची, आणि पडदा काळाच राहायचा.

सुट्टीच्या दिवशी ताईचा निरोप आला, ठमीला गणितात पैकीच्या पैकी. बक्षीस म्हणून खेळाची दहा मिनिटं वाढवावीत, म्हणून तिने महिन्याभराने ते ॲप उघडलं. वर लाल आकडा होता, एकोणीस.

एकोणीस विनंत्या. तिला वाटलं, खेळच असणार. खेळ एकही नव्हता. सगळ्या एकाच गोष्टीसाठी, व्हिडिओ कॉल. वेळ सात सेहेचाळीस. सात सत्तेचाळीस. एका दिवशी तर चार वेळा, दर पाच मिनिटांनी. शेवटची विनंती अकरा दिवसांपूर्वीची. त्यानंतर काही नाही.

साडेसातची कडी तिने स्वतःच घातली होती, आणि लेक बाहेरून ठोठावत राहिली होती.

तिने पहिल्या विनंतीवर 'मान्य' दाबलं. मुदत संपली, असं उत्तर आलं. दुसरीवर दाबलं. मुदत संपली. वेडेपणाच होता, पण एकोणीसही दाबल्याशिवाय तिच्याने राहवेना. मग तिने कुलूपच काढून टाकलं आणि पावणेआठ व्हायची वाट बघत बसली.

पहिल्याच रिंगला पडदा उजळला. ठमीच्या पुढच्या दातांची खिडकी भरत आली होती.

"आई? हे उघडलं कसं?"

"मी उघडलं. ठमे, मला माहीतच नव्हतं गं. मी खेळ बंद केले, मला वाटलं कॉल लागेल. तू विचारत होतीस ते मला दिसलंच नाही."

"मी रोज विचारलं."

"हो गं."

"मला वाटलं तू नाही म्हणतेस. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलं आईने."

"माझी चूक झाली राणी. तुझी नाही, मावशीची पण नाही."

ठमीने जरा विचार केला. "बरं," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, "आई, आता मावशी गोष्ट सांगते ना, या वेळेला. अर्धी राहिलीये. उद्या बोलू?"

"उद्या बोलू. पळ."

ठमीने टॅब पलंगावर टाकला आणि पळाली. बंद करायचं विसरली. पडद्यावर छत होतं आणि हळू फिरणारा पंखा.

"कोण गं होतं?" ताईचा आवाज लांबून आला.

"आई. चुकून झालं म्हणे."

"बरं, ये. कुठवर आलो होतो आपण?"

"तो विहिरीत पडतो तिथवर."

गोष्ट सुरू झाली. आईने आपल्या बाजूचा आवाज बंद केला, इकडच्या भांड्यांचा अडथळा नको म्हणून. ताट वाढून घेतलं आणि पडद्यावरच्या पंख्यासमोर बसली. गोष्टीतला माणूस विहिरीतून वर आला तेव्हा ठमी खदखदून हसली. तीही हसली, आणि पुढचा घास हातात धरून ऐकत राहिली.