बरखास्त प्रांताचं टपाल

वेरेटिन्स्क हे शहर तीन वर्षं दहा महिने प्रांताची राजधानी होतं, आणि ते दुखणं त्याच्या अंगातून अजून गेलेलं नाही. एकोणीसशे चोपन्न साली मॉस्कोहून एक कागद आला, शेजारच्या दोन प्रांतांचे लचके तोडून नवा प्रांत झाला. सत्तावन साली दुसरा कागद आला: प्रांत बरखास्त, ज्याचा लचका त्याला परत. मधल्या काळात नाट्यगृहाचे आठ खांब तेवढे उभे राहिले. वर छप्पर चढायच्या आत प्रांत गेला. आता त्या खांबांमध्ये बटाट्याचा बाजार भरतो, आणि म्हातारी माणसं 'आपला प्रांत होता तेव्हा' असं म्हणून उसासे टाकतात, जणू तेव्हा बटाटे गोड लागायचे.

अग्लाया तिमोफेयेव्ना लुझगिना उसासे टाकणाऱ्यांतली नव्हती. सरकारी दफ्तरखान्यात तिची बत्तीस वर्षं गेली होती आणि प्रांताचा सगळा इतिहास तिच्या लाकडी खणांत होता. गावागणिक एक कार्ड. झारच्या काळी गाव कुठल्या परगण्यात होतं, अठ्ठावीस साली परगणे मोडल्यावर कुठल्या जिल्ह्यात गेलं, चोपन्नला कुठं, सत्तावनला कुठं. कोच्की नावाच्या गावाच्या कार्डावर तर अकरा ओळी होत्या. घरं तिथंच, विहीर तीच, आणि सरकार मात्र गावाला कधी उत्तरेच्या प्रांतात टाकत होतं, कधी दक्षिणेच्या. या कार्डांचं पुस्तक निघायचं होतं. ते गेली वीस वर्षं निघायचंच होतं.

त्र्याण्णव सालच्या मार्चमध्ये कोच्कीची एक म्हातारी तिच्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. वाळून काटकी झालेली, डोक्याला लोकरीचा राखाडी रुमाल.

"तू ग्लाशा ना? वरच्या मजल्यावर टपाल बघायचीस. दोन वेण्या होत्या तुला."

अग्लायाने चष्मा काढला. "लुशामावशी?"

दफ्तरखान्याच्या याच इमारतीत तेव्हा प्रांताचं मुख्य कार्यालय होतं. लुशामावशी इथल्या जमिनी पुसायची. रोज संध्याकाळी बादली घेऊन यायची, आणि अग्लाया रोज तिला हसून 'येते हं, लुशामावशी' म्हणायची. तिचं पूर्ण नाव लुकेर्या अनिसिमोव्ना बुताकोवा आहे हे अग्लायाला आज, समोरच्या अर्जावर वाचून कळलं. जमीन पुसणारीला आडनाव विचारायची रीत तेव्हा नव्हती. आताही नाही.

अर्ज तिच्या नवऱ्याबद्दल होता. दानिला बुताकोव, सामुदायिक शेतीवरचा लोहार. मळणीयंत्र मोडलं तेव्हा यंत्रच मुळात खराब होतं हे खरं बोलला, आणि चाळीस साली त्याला लोकांचा शत्रू म्हणून धरून नेलं. परत आला नाही.

"निर्दोष असल्याचा दाखला हवाय ना, मावशी?"

"तो निर्दोष होता हे मला तेव्हाच ठाऊक होतं. त्यासाठी कशाला येऊ? मला माझा कागद पाहिजे. मी अर्ज दिला होता त्याचा."

"कधी?"

"छप्पन साली. इथंच, जिना चढून वर दिला. पोच कोण देतंय मला. आमच्या शेजारच्या फेदोस्याने माझ्याबरोबरच दिला होता. तिला उन्हाळ्यात उत्तर आलं, नवरा सुटला डागातून, पोरगी डॉक्टरकीला लागली. माझं आलंच नाही. आमच्या गेनाला बोटीवर जायचं होतं, नदीच्या शाळेत. फॉर्मात बापाचा रकाना होता. नाही घेतलं. घरी येऊन मला म्हणाला, तू अर्ज दिलाच नाहीस. घाबरलीस. त्याच इमारतीत बादली घेऊन फिरतेस आणि एक जिना चढवला नाही तुझ्याने." ती सगळं एका सुरात, पाठ केल्यासारखं सांगत होती. "अठराव्या वर्षी निघून गेला. आडनावसुद्धा बदललं. पत्ता आहे माझ्याकडे. मी लिहिते ती पत्रं परत येत नाहीत, म्हणजे पोचतात. चौतीस वर्षं झाली."

उत्तर का आलं नसेल याचा अंदाज अग्लायाला त्याच घटकेला आला होता, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. पण बत्तीस वर्षांची सवय हातात मुरलेली असते. तिने छापील फॉर्म ओढला आणि लिहिलं: मागितलेली माहिती या दफ्तरखान्यात आढळली नाही. उत्तरेच्या प्रांताकडे चौकशी करावी.

एप्रिलमध्ये उत्तरेचं उत्तर आलं. कोच्की सत्तावन साली दक्षिणेला दिलं गेलं, तिकडे विचारा. मे महिन्यात दक्षिणेचं आलं. कोच्की एकोणसाठ साली उत्तरेला गेलं, कागदही गावाबरोबर गेले असणार. दोन्ही कागदांवर गोल शिक्के होते, झळझळीत निळे. लुकेर्याने ते खिडकीच्या फळीवर ठेवले.

"घे. तुझ्या कार्डांना उपयोगी पडतील."

"मावशी, नियम असा आहे की..."

"नियमाला सांग, मला सत्त्याहत्तरावं लागलंय."

ती गेल्यावर अग्लाया उठून थेट साहेबांच्या खोलीत गेली. रोस्तिस्लाव इग्नात्येविच वयाने तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, आणि त्याला चहात रास्पबेरीचा मुरंबा घालून पिण्याची आवड. तो तेच करत होता.

"मला तळघरातलं सत्तावनचं दफ्तर उघडायचंय."

"ते आपल्याकडे नाही, अग्लाया तिमोफेयेव्ना."

"तळघर आपलं आहे ना?"

"तळघर आपलं. दफ्तर नाही." त्याने चमचा चाटला. "तुम्हीच तर मला शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. कुठलंही दफ्तर ताब्यात घ्यायचं तर आधी पानांवर आकडे घालायचे, दोऱ्याने शिवायचं, आणि शेवटच्या पानावर 'यात एवढी पानं आहेत' असं लिहून सही करायची. सत्तावनच्या हिवाळ्यात प्रांताचे कारकून दुसरीकडे खुर्ची मिळवायला धावत सुटले होते; शिवणार कोण? दोनशे चौदा गठ्ठे तसेच सुटे राहिले. उत्तरेकडचे म्हणाले दक्षिणेने शिवावेत, दक्षिणेकडचे म्हणाले उत्तरेने. जो पहिल्या पानावर एक आकडा घालील त्याच्या गळ्यात सगळं पडणार होतं, म्हणून छत्तीस वर्षं कुणीही पेन्सिल उचलली नाही. न शिवलेला कागद नियमाप्रमाणे नसतोच. वेरेटिन्स्क प्रांत असा तळघरात होता आणि नव्हताही.

"किल्ली द्या," अग्लाया म्हणाली.

"पेन्सिल लावलीत तर तुमच्या नावावर जाईल ते सगळं. पुढच्या वर्षी तुम्हाला पेन्शनीत जायचंय. कशाला हे भिजत पडलेलं घोंगडं अंगावर घेता?"

तिने हात पुढेच ठेवला. त्याने किल्ली दिली आणि मुरंब्याकडे वळला.

तिला शोधावं लागलं नाही. गठ्ठा कुठे आहे हे तिला पाठ होतं, कारण तो तिनेच बांधला होता. सोळा नोव्हेंबर, शनिवार. अशा अर्जांवरची सदतीस उत्तरं टंकून, सह्या होऊन, पाकिटांत घालून तिच्या टेबलावर आली होती. पाचच्या आत टपालात टाकायची होती. पण त्या संध्याकाळी क्लबात नाच होता, आणि केस कुरळे करून घ्यायला केशकर्तनालयात चारची वेळ मिळाली होती. सोमवारी टाकू, असं म्हणून ती निघाली. सोमवारी विभागप्रमुख म्हणाले, थांब, मॉस्कोहून काहीतरी येतंय. मंगळवारी आलं. बरखास्त प्रांताच्या नावाचा कागद बाहेर जाता कामा नये. नवे मालक नव्या कागदावर पुन्हा टंकून पाठवतील. तिने पाकिटं सुतळीने बांधली. नव्या मालकांनी ती पाहिलीसुद्धा नाहीत.

तळघराच्या उंच खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. पाकिटं उघडायची गरज नव्हती, वर नावं होती. सदतीसपैकी नऊ नावं तिच्या ओळखीची निघाली. गेल्या दोन वर्षांत त्या नऊ घरांतून अर्ज आले होते आणि तिने आपल्या सुरेख अक्षरात त्यांना 'आढळली नाही' असं लिहून पाठवलं होतं. विसावं पाकीट: नागरिक बुताकोवा लु. अ., गाव कोच्की. अग्लाया खोक्यावर बसली आणि रडली. स्वतःची कीव येऊन रडली, आणि ते कळल्यावर आणखी चिडून रडली.

गुरुवारी लुकेर्या आली. अग्लायाने तिला खिडकीशी उभं न ठेवता आत खुर्चीवर बसवलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं. म्हातारीने ते फोडलं आणि आतल्या पत्राच्या अक्षरांवर बोट ठेवून वाचत गेली. 'आपल्या तारीख चार सप्टेंबर एकोणीसशे छप्पनच्या अर्जावरून' या ओळीवर बोट थांबलं.

"चार सप्टेंबर. हाच दिवस," ती म्हणाली. "आणि हे कधी लिहिलं?"

"सत्तावनच्या सोळा नोव्हेंबरला."

"मग कुठं होतं?"

अग्लायाने सांगितलं. क्लब, केस, सोमवार, मंगळवार, सुतळी. एकही गोष्ट गाळली नाही.

"शनिवारी टेबलं मी पुसायची," लुकेर्या म्हणाली. "तुझंही. कागदांची चवड उचलायची, खालून फडकं मारायचं, चवड पुन्हा जागेवर ठेवायची. कागद इकडेतिकडे झाला तर तुम्ही लोक ओरडायचात." तिने आपले तळहात पाहिले. "माझ्या हातात होतं म्हणजे."

"मावशी, मला..."

"गेनाला कळायला हवं. असं लिहून दे की हे उशिरा का मिळालं."

अग्लायाने कागद घेतला आणि लिहिलं: प्रांत बरखास्त झाल्याच्या कारणाने सदर पत्र रवाना होऊ शकलं नाही. लुकेर्याने ते बोट ठेवून वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हे कोण? प्रांत? प्रांत गेला होता केस कुरळे करायला?"

"शिक्का मारायचा तर असंच लिहावं लागतं."

"शिक्के दोन मिळालेत मला. नको तो शिक्का. कुणी टाकलं नाही ते लिही."

खोलीच्या दारात रोस्तिस्लाव इग्नात्येविच येऊन उभा होता. "अग्लाया तिमोफेयेव्ना, असं काही लेखी देऊ नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमची चौकशी लागेल. पुस्तकसुद्धा छापणार नाहीत मग."

तो म्हणत होता ते खरं होतं, आणि अग्लायाला ते त्याच्याहून चांगलं माहीत होतं. आयुष्यभर तिने 'आढळलं नाही', 'होऊ शकलं नाही' असंच लिहिलं होतं. करणारा माणूस तिच्या कागदावर कधी आलाच नव्हता. तिने नवा कागद घेतला. 'मी, अग्लाया लुझगिना' अशी त्यावर सुरुवात केली. आणि सगळं लिहिलं, नाचासकट. खाली सही केली आणि घरचा पत्ता घातला. साहेब हात झटकून निघून गेला.

लुकेर्याने वाचलं. मान डोलावली. रुमालाच्या आतून दुमडलेला एक चिठोरा काढून मुलाचा पत्ता दाखवला. अग्लायाने पाकिटावर तो उतरवला, सत्तावनचं पत्र आणि नवा कागद आत घातला, डिंकाने चिकटवलं आणि पाकीट तिच्यापुढे धरलं.

"मला नको. तू टाक," लुकेर्या म्हणाली. "माझ्यासमोर."

टपालपेटी रस्त्यापलीकडे पोस्टाच्या भिंतीला होती. दोघी बटाट्याच्या बाजारातून गेल्या. वाटेत कुणीतरी अग्लायाला नमस्कार केला, तिचं लक्षच गेलं नाही. म्हातारी तिचं कोपर धरून चालत होती, आधारासाठी की अग्लायाने कुठे जाऊ नये म्हणून, ते कळत नव्हतं.

"बावन्न वर्षांचा झालाय तो," पेटीशी आल्यावर ती म्हणाली. "तेव्हा सोळाचा होता. त्याने हे वाचून मला लिहिलं तर मी तुला येऊन सांगेन. नाही लिहिलं तरी येऊन सांगेन."

"हो, मावशी."

"मावशी नको म्हणूस."

अग्लायाने झाकण वर करून पाकीट आत सोडलं. ते पडल्याचा आवाज दोघींनी ऐकला. तरी लुकेर्याने तिला बाजूला सारलं, चवड्यांवर उभी राहिली आणि पेटीच्या फटीत बोटं जातील तेवढी घालून, आत काही अडकून राहिलेलं नाही ना, हे चाचपून पाहिलं.