ऑलिव्हच्या पानाचा आवाज

घाबरू नका, अलार्म वाजणार नाही. माझ्यात आत्ता ना निखारा आहे ना धूर. मी एक धूपदाणी बोलतेय, स्वयंपाकघराच्या फळीवरून, मोहरीच्या बरणीशेजारून. लाल मातीची, वीतभर उंच, पोटाला भोकं आणि एका बाजूला कान. सध्याचा पत्ता बहरीन, हूरा, चौथा मजला. जन्म मात्र दुसऱ्याच बेटावरचा.

ते बेट म्हणजे सायप्रस, भूमध्य समुद्रातलं. तिथे कोर्नोस नावाच्या गावात मातीची भांडी बायका घडवत आल्या आहेत. अशाच एका बाईने मला वळलं, काडीने भोकं पाडली आणि कान चिकटवताना अंगठा जरा जोरात दाबला. तो ठसा अजून आहे. पुढे क्रिस्टल्ला नावाच्या मुलीच्या आईने मला विकत घेतलं, लेकीच्या रुखवतासाठी. रुखवत हा शब्द मी फार उशिरा, इथे आल्यावर शिकले, पण प्रकार तोच. भरतकामाच्या चादरी, तांब्याची कढई आणि मी.

आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या रविवारी ऑलिव्हच्या डहाळ्या चर्चमध्ये नेतात. तिथे त्या सुकल्या की घरी आणायच्या. मग शनिवारी संध्याकाळी माझ्यात निखारे, त्यावर ती पानं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याभोवती मला फिरवायचं. नजर लागू नये म्हणून. नजरेला माणसं सगळीकडेच घाबरतात, आणि ती बहुतेक शेजारणीचीच असते.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी मात्र माझ्याकडे वेगळं काम असायचं. ज्याची आपल्यावर माया आहे की नाही हे विचारायचं असेल, त्याचं नाव घेऊन एक पान निखाऱ्यावर टाकायचं. पान तडतडून उडालं, तर माया आहे. नुसतंच काळं पडत जळून गेलं, तर विषय बदलायचा. क्रिस्टल्ला नवी नवरी होती तेव्हा तिच्या नवऱ्याच्या नावाचं पान असं उडालं की थेट सासूच्या मांडीत जाऊन पडलं. सासूला ते फारसं आवडलं नव्हतं.

पुढच्याच उन्हाळ्यात लढाई झाली आणि बेटाचे दोन तुकडे झाले. क्रिस्टल्लाचं गाव नव्या सीमेपलीकडे राहिलं. निघताना क्रिस्टल्लाने दार ओढून घेतलं तेव्हा तिच्या हातात मी होते, अजून कोमट. चार दिवसांत परत यायचंच आहे म्हणून कढई तिने मागेच ठेवली.

कितीतरी वर्षांनी सीमेवरचं फाटक उघडलं. तेव्हापासून तिचा भाऊ दर वसंतात पासपोर्ट दाखवून स्वतःच्याच अंगणात जायचा. आता तिथे राहणारी माणसं त्याला कॉफी पाजायची, आणि तो जुन्या झाडाच्या डहाळ्या तोडून बहिणीला आणून द्यायचा. नवरा आधीच गेला होता. मग भाऊही गेला, आणि पानं यायची थांबली. आई एकटी पडली म्हणून तिचा मुलगा आंद्रेआस तिला बहरीनला घेऊन आला. शेवटची पानांची पिशवी आणि मी, दोघी तिच्या हँडबॅगेतून आलो.

आंद्रेआस बहरीनच्या दुसऱ्या टोकाला, झल्लाकला, समुद्रावरच्या एका हॉटेलात मॅनेजर. राहायचाही तिथेच. आईला हूऱ्यात फ्लॅट घेऊन दिला, मोठा टीव्ही दिला, डॉक्टर ठरवून दिला. स्वतः शुक्रवारी यायचा. कधीकधी तो शुक्रवार पुढच्या शुक्रवारवर जायचा.

पहिल्याच शनिवारी क्रिस्टल्लाने मला पेटवलं आणि छतावरचा अलार्म किंचाळला. वॉचमन लतीफ जिने चढून धापा टाकत आला. हा रत्नागिरीकडचा. म्हातारीला काय सांगावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

"वहिनी, जरा या. आंटी पाला जाळतेय. आमच्यात ऊद जाळतात, कधी अलार्म वाजत नाय. हिचा पालाच वेगळा."

ती शिवांगी. पुण्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली. बोलायची कमी, बघायची जास्त. तिने कुणालाच काही सुनावलं नाही. ओढणीच्या टोकाने माझा कान धरला आणि मला उचलून बाल्कनीत ठेवलं. तेव्हापासून आमचा शनिवार बाल्कनीत. दोघींचं बोलणं इंग्रजीत, क्रिस्टल्लाचं मोडकं, त्यात खालच्या कोल्ड स्टोअर म्हणवणाऱ्या वाण्याकडून उचललेली अरबी, यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं आणि मफी म्हणजे नाही. शिवांगीला ती 'कोरी मू' म्हणायची, म्हणजे माझ्या पोरी. शिवांगी तिला आंटी म्हणायची. नव्या नवरीला दिवसभर घरात काय काम असतं, हे क्रिस्टल्लाला माहीत होतं. कुणीतरी आपलं ऐकायला येईल, याची वाट बघणं.

शिवांगीचा नवरा मयुरेश एका फर्ममध्ये अकाउंटंट. एकदा त्याला दोन दिवस ताप होता, तर पुण्याहून सासूबाई अरुणाताईंनी व्हिडिओ कॉलवर फर्मावलं, दृष्ट काढ. आता विजेच्या शेगडीवर दृष्ट काढायची कशी? शिवांगी मला मागायला आली. बाल्कनीत हुक्क्याचे कोळसे पेटवले, मयुरेशवरून मीठ-मोहरी ओवाळली आणि माझ्यात टाकली. काय तडतडली! मोबाइलमधून सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "बघ, केवढी लागली होती."

क्रिस्टल्ला दारात उभी राहून बघत होती. तुमच्याकडे एवढा आवाज झाला की वाईट, होय ना, असं तिने विचारलं आणि पोट धरून हसली. आमच्याकडे याच आवाजासाठी वर्षभर थांबतात, म्हणाली. मग तिने पानाची गोष्ट सांगितली, सासूच्या मांडीसकट.

त्या डिसेंबरात आंद्रेआसची नोकरी बदलली. मालदीवला, तसल्याच समुद्रावरच्या हॉटेलात. आईला बरोबर न्यायचं की सायप्रसला, लिमासोलच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, हे तो नव्या वर्षात सांगणार होता. क्रिस्टल्लाने यावर त्याच्याशी एक शब्दही काढला नाही. शिवांगीला मात्र सांगितलं, की ती पानाला विचारणार आहे.

शिवांगीने पिशवी उघडून बघितली आणि हळूच मिटली. पानं इतकी जुनी की बोट लावलं तर भुगा व्हावा. जुनं पान उडत नाही. उडायला त्यात थोडं पाणी राहिलेलं असावं लागतं. हे मला ठाऊक होतं, आणि क्रिस्टल्लाला तर माझ्याआधीपासून.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बसलो. खाली हूऱ्याच्या हॉटेलांवर दिव्यांच्या माळा लागत होत्या, वारा गार होता. आधी तुझ्या नवऱ्याचं विचारू, असं म्हणून क्रिस्टल्लाने मयुरेशच्या नावाने पान टाकलं. पान कडेने लाल झालं, मग काळं, मग राख. आवाज नाही.

"ऑडिट चालू आहे," शिवांगी म्हणाली. "त्याला वेळ नसेल."

दोघी हसल्या. क्रिस्टल्लाचं हसू आधी संपलं. तिने दुसरं पान हातात घेतलं आणि घेऊनच बसली. पाणी आणते, असं सांगून शिवांगी आत गेली. आली तेव्हा एका हातात ग्लास होता आणि दुसरी मूठ मिटलेली.

क्रिस्टल्लाने डोळे मिटले. आंद्रेआस, एवढंच म्हणाली आणि पान सोडलं. त्याच क्षणी शिवांगीची मूठ माझ्यावर उघडली. मीठ-मोहरी अशी तडतडली की माझं पोट दणाणलं. ते वाळकं पान उसळलं, माझ्या काठावरून उडून बाल्कनीच्या कठड्यापाशी पडलं. क्रिस्टल्लाने डोळे उघडले, पान बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने लतीफला मोठी बॅग आणायला सांगितली. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारातून टोपी आणली, गवती, रुंद काठाची, निळ्या फितीची. मालदीवला ऊन फार, म्हणाली. टोपी घालून ती घरभर फिरायची, टीव्हीसमोरही टोपीतच. शिवांगी रोज संध्याकाळी यायची, टोपी बघायची आणि चहा अर्धा टाकून जायची. मला तिची दया येत होती. जी गोष्ट तिने एका क्षणात केली, ती आता तिला झोपू देत नव्हती.

आंद्रेआस आठवड्याने आला. तो वाईट माणूस नव्हे. हॉटेलात कुटुंब ठेवायला परवानगी नाही, बेटावर दवाखाना नाही, वृद्धाश्रम चांगला आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. हे सगळं तो जमिनीकडे बघून बोलला. शिवांगी कोपऱ्यात उभी होती. क्रिस्टल्लाने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, फीत सरळ केली आणि म्हणाली, "खलास."

तो गाडी काढायला खाली गेल्यावर शिवांगी तिच्या पायाशी बसली.

"आंटी, त्या दिवशी ते पान…"

"मोहरी," क्रिस्टल्ला म्हणाली. "मी डोळे मिटले होते, कोरी मू. नाक नाही."

"मग टोपी कशाला आणलीत?"

क्रिस्टल्लाने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"कुणीतरी माझ्यासाठी पान उडवलं. म्हटलं, आठवडाभर टोपी घालून बघू."

मला तिने शिवांगीच्या हातात दिलं, कारण लिमासोलच्या त्या घरात विस्तव पेटवायला बंदी आहे. पिशवीतली पानं जाताना तिने बरोबर नेली, उशीखाली ठेवायला. त्यातलं एकच, त्यातल्या त्यात धड, कागदात गुंडाळून माझ्या पोटात ठेवलं. टोपी मात्र घालूनच गेली. लतीफने बॅग गाडीत ठेवली आणि कपाळाला हात लावून तिला सलाम केला. मी बाल्कनीतून, अंगठ्याच्या ठशाशेजारच्या भोकातून, तेवढं बघितलं.

आता ती रविवारी फोन करते. धूर केलास का, असं विचारते. शिवांगी हो म्हणते. मयुरेश हल्ली लवकर घरी येतो, कधी फोनवर मागून तोही ओरडतो, आंटी कशा आहात. पण धूर केलेला नसतो. परवा वर्षाची शेवटची संध्याकाळ होती. शिवांगीने मला बाल्कनीत नेलं, कोळसे पेटवले, कागद उलगडला. या वेळी मूठ रिकामी होती. क्रिस्टल्लाचं नाव तिच्या ओठांवर आलं, आणि तिने पान परत कागदात गुंडाळलं. कोळसे माझ्यात तसेच विझले.

पान गप्प जळेल, याची तिला भीती वाटते.

शिवांगी, माझं ऐकशील तर एक सांगते. इतकी वर्षं मी निखारे पोटात घेऊन बसलेय. जी पानं उडाली त्यांची आठवण लोकांनी ठेवली, पण घराला वास गप्प जळलेल्या पानांचाच येत राहिला. ते पान जाळ. मोहरी बरणीतच राहू दे. उडालं नाही तर नाही. पण तिच्या अंगणाचा थोडा धूर या हूऱ्याच्या वाऱ्यात जाईल, आणि रविवारी तिने विचारलं की तुला खरं हो म्हणता येईल.