शनिवारी तुंबलेली मोरी

बसा जरा, एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण गोष्ट हसण्यासारखी नाही. नळवाल्याची आहे.

पोरगा विशीतला, ॲडव्हेंटिस्ट नावाच्या ख्रिस्ती मंडळीतला. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो, तो शनिवारी बुडेपर्यंत. तेवढ्यात कामाला हात लावायचा नाही. नळवाल्याचा बाप्तिस्मा, म्हणजे हौदात बुडवून मंडळीत पक्कं घेणं, एका शनिवारी ठरला होता. बिचारा कधीचा त्या दिवसाकडे डोळे लावून होता.

त्याच्या आदल्या शनिवारी उपासना उरकून मंडळीतल्या पोरापोरींचा तरुण संघ, नळवाल्यासकट, एका आजीकडे गाणी म्हणायला गेला. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. दार लोटलं तर मोरी तुंबलेली, घाण पाणी खाटेखाली.

"सूर्य बुडाला की बघू हं, आजी," संघाचा सेक्रेटरी म्हणाला. नाकाला रुमाल लावून सगळ्यांनी सूर धरला.

म्हातारीनं नळवाल्याची बाही ओढली. "बघ ना रे बाळा काहीतरी."

त्यानं इस्त्रीची बाही वर सारली अन् खांद्यापर्यंत हात मोरीत घातला.

"अरे, शब्बाथ आहे!"

"माहितेय. तुम्ही गा."

शब्बाथ मोडल्याबद्दल बुधवारी संघाची बैठक बसली. नळवाला म्हणाला, "आजीनंच सांगितलं होतं. विचारा जाऊन." सगळी वरात म्हातारीकडे गेली. सेक्रेटरीनं फळांची पिशवी उशाशी ठेवली. "आजी, तुम्ही याला काम करायला सांगितलंत?"

म्हातारीनं पिशवीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. आठवडाभरात तिचं दार लोटणारी तेवढीच माणसं.

"मी कशाला सांगू? मी तर नको नको म्हणत होते."

नळवाल्याला तिचं खोटं कळलं. का बोलली, तेही कळलं.

"हो," तो म्हणाला. "नको म्हणत होती."

"मग आधी शब्बाथ पाळायला शीक," सेक्रेटरी म्हणाला. "बाप्तिस्म्याचं पुढच्या वर्षी बघू."

"हात तरी धुतलास का रे?" मागून एक पोरगी फिसकन हसली.

शुक्रवारी दुपारी सेक्रेटरीचा फोन आला. चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद गळत होता. "उद्या बाकीच्यांचा बाप्तिस्मा आहे. सूर्य बुडायच्या आत आटप हं, तुझा काही भरवसा नाही."

नळवाला आला. वायसर बदलला, हौद काठोकाठ भरला. बराच वेळ पाण्याकडे बघत काठावर बसला. मग पाण्याला बोटही न लावता पिशवी उचलून निघाला. ऊन अजून भिंतीवर होतं.

आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरची मोरी कधी तुंबली, तर शनिवारी त्याला बोलवू नका. येईल तो.