पाठकोरे कागद

त्या कार्यालयात एका बाजूने छापलेला कागद कधी टाकून देत नसत. देशोदेशीच्या नद्या-जंगलांसाठी खटले लढणारी संस्था ती. कागदाची पाठ कोरी राहिली तर झाड पडल्यासारखी हळहळ व्हायची. म्हणून प्रिंटरशेजारी पाठकोऱ्या कागदांचा एक ट्रे होता. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीच्या इंटर्नशिपचे पहिले पंधरा दिवस त्या कागदांच्या पिना काढण्यातच गेले.

सोळाव्या दिवशी वकील मॅडमनी तिच्यापुढे अकरा जबान्या ठेवल्या. नदीवर धुणं धुणाऱ्या अकरा बायकांच्या, नावांऐवजी नुसते क्रमांक घातलेल्या. रंगाचा कारखाना नदीत तांबडं पाणी सोडतो, हाताला फोड येतात, असं त्या सांगत होत्या.

"भाषांतर वाच, चुका बघ आणि प्रत्येकीखाली सही कर. उद्या बाराच्या आत कोर्टात गेलं पाहिजे."

सहीच्या जागी छापलं होतं, 'मूळ जबानीशी ताडून पाहिली.'

"मूळ कुठंय, मॅडम?"

"कपाटात." मॅडमनी टेबलावरची किल्ली मुठीत घेतली. "ते तुझं काम नाही. दुभाष्यांनी ताडलंय."

ती वाचू लागली. पहिली म्हणत होती, रोज सकाळी आठ वाजता पाणी तांबडं होतं. दुसरीही आठ वाजता. अकरावीही आठ वाजता. अकरा गळे, सूर एकच. टिपण छापायला तिने ट्रेमधून कागद ओढला आणि सवयीने उलटून पाहिला. पाठीवर होतं : 'मी, ______, वय ______, नदीवर धुणं धुते. रोज सकाळी आठ वाजता पाणी तांबडं होतं.'

नाव रिकामं. वय रिकामं. आठ मात्र भरलेले.

पाण्यावर तेलाचा एक थेंब पडावा आणि सगळं पाणी रंगून जावं, तसं झालं. दुभाषी मॅडमच्या खोलीत गेला, दार लागलं. ती पाणी प्यायला उठली, आतलं बोलणं थांबलं. कालपर्यंत हे तिला दिसत नव्हतं. आज दुसरं काही दिसेना. तो कागद तिने पिशवीत घातला.

तिला लहानाची मोठी करणारी मावशी इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. त्याआधी वीस वर्षं तिने नदीवर धुणं धुतलं होतं. संध्याकाळी मुलगी तिथे गेली आणि दोघी चादरींच्या घड्या घालायला उभ्या राहिल्या. टोकाला टोक लावायचं, जवळ यायचं, मागे सरायचं.

"या, न्यायाधीश! तोंड का असं पिळलेल्या फडक्यासारखं?"

"मावशी, नदीवर तुला वेळ कशी कळायची?"

"ओल्या हाताला घड्याळ कोण बांधतंय? पायऱ्यांवर ऊन उतरायचं, ते बघायचो."

"आठ वाजता कुठल्या पायरीवर असायचं?"

"उन्हाळ्यात तिसऱ्या. थंडीत तिथवर यायला दहा वाजायचे. ऊनच पांघरूण सोडत नाही गं!"

जबान्या ऐन थंडीतल्या होत्या, तरी अकराही जणींचे घड्याळाचे आठ. मुलीच्या हातून चादरीचं टोक सुटलं. "मग ह्या बायका आहेत तरी का? की कुणी घरबसल्या लिहिलंय?"

"सही केलीस तर काय मिळेल?"

"शिफारसपत्र. पुढच्या शिक्षणाचं दार."

"आणि खोटं निघालं तर?"

"वकील व्हायच्या आधीच माझी वकिली संपली."

मावशीने टोक उचलून तिच्या हातात दिलं. "डाग बघितल्याशिवाय मी साधी चादर घडी करत नाही. तू तर माणसांची तोंडं घडी करायला निघालीस."

सकाळी तिने तो पाठकोरा कागद मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी कागदाकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं.

"हे शोधायला तुला कुणी पाठवलं?"

"मला? कुणी म्हणजे?"

"गेल्या वर्षी असाच एक गोडबोल्या इंटर्न आला होता. मूळ जबान्या बघू द्या म्हणाला. आठ दिवसांत बायकांची नावं कारखान्यात पोचली. दोघींची कामं सुटली. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. खरं सांग, तू कुणाची?"

"मावशीची," ती भांबावून बोलून गेली.

दारात उभ्या दुभाष्याला हसू आलं, पण कागद दिसताच विरलं. "अहो, तो नमुना माझा. जबान्या ऐकूनच केला. पहिली म्हणाली, ऊन तिसऱ्या पायरीवर आलं की. मी विचारलं, म्हणजे आठ? ती म्हणाली, असतील बाबा. मग सगळ्यांना आठच लावले. कोर्टाला पायऱ्या काय कळणार?"

मॅडम उठल्या. त्यांनी कपाट उघडून मूळ जबान्यांचा रेकॉर्डर काढला.

रेकॉर्डरमधून एक घोगरा आवाज आला. बाई जबानी देता देता गुणगुणत होती, दुभाषी अर्थ सांगत गेला :

'ऊन उतरे पायरी, एक झाली, दोन झाली
तिसरीला टेकताच माझी नदी लाल झाली.'

बाई होती. नदी होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मॅडमना दिसू नये म्हणून ती खाली वाकली.

"थंडीत तिसऱ्या पायरीवर ऊन यायला दहा वाजतात, मावशी सांगते," ती वाकूनच म्हणाली. मॅडमनी दाव्यातल्या 'आठ'ला कारखान्याने दिलेलं उत्तर काढून मोठ्याने वाचलं : 'आठ वाजता आमचं गटार बंद असतं. टाक्या दहाला धुतात. सबब बायका खोटं बोलतात.' त्यांनी कागद खाली ठेवला. "त्या खरंच बोलत होत्या. खोटं आपण पाडत होतो त्यांना."

साडेनऊ झाले होते. दुभाषी सांगत गेला, मुलगी ऐकत, दुरुस्त करत, सही करत गेली. साडेअकरापर्यंत नऊ झाल्या.

"उरलेल्या दोन्हींवरही कर," मॅडम म्हणाल्या. "तशाच असणार त्या."

"ऐकल्या नाहीत, मॅडम."

"तुझं पत्र माझ्याच सहीने जायचंय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

नऊच जबान्या कोर्टात गेल्या. उरलेल्या दोघींसाठी मॅडमनी अर्जात आठवड्याची मुदत मागितली.

दुपारी परत आल्यावर त्या तिच्या टेबलाशी थांबल्या. "त्या दोन ऐकून घे." त्यांनी किल्ली पुढे केली. मुलीने धरली, पण मॅडमची बोटं सुटली नाहीत. एक टोक हिच्या हातात, एक त्यांच्या. दोघी एकमेकींकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या; आणि मग, हळूच, मॅडमनी आपलं टोक सोडलं.