नोएलीनच्या बाटलीतला गाळ

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या आम्हा तिघा म्हाताऱ्यांनी आयुष्यभर घरी बिअर केली ती डब्यातल्या तयार पाकाची. डबा फोडायचा, साखर घालायची, पाणी ओतायचं आणि स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायचं. लिंडसेची बायको नोएलीन याला फसवणूक म्हणायची. "एकदा धान्यापासून करू या," असं ती दरवर्षी म्हणे, आणि आम्ही दरवर्षी डबा फोडत असू. मार्चमध्ये ती गेली.

जुलैतल्या एका शनिवारी लिंडसेच्या शेडमध्ये आम्ही शेवटी मोडाचा सातू भरडला. गरम पाण्यात तासभर मुरवून गाळला, रस कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून उकळला आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरला. उचलताना हात भाजू नयेत म्हणून कॅनला टॉवेल गुंडाळला होता.

बाकावर एक बरणी फेसाळत होती. नोएलीननं झाकण ठोकलेली शेवटची बाटली लिंडसेनं बुधवारी उघडली होती. बिअर आम्ही तिघांनी संपवली, आणि तळाचा गाळ त्यानं साखरपाण्यावर ठेवला. ते नोएलीनचं यीस्ट. वीस वर्षं एका बाटलीतून दुसरीत तिनं ते जगवलं होतं.

"बघ, कशी जागी झालीय," लिंडसे बरणीकडे बघून म्हणाला.

"डेस, तू हात लावू नकोस," विमनं मला बजावलं. विम निवृत्त प्लंबर, त्याचा कुणावरच विश्वास नाही. "रस गरम आहे, सगळं मरेल. उद्या सकाळी घालू."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस, गाढवा."

मग ते दोघं चोथा घेऊन विमच्या कोंबड्यांकडे गेले, ते दोन तास आलेच नाहीत. मला वाटलं, लिंडसे परत येईल तेव्हा काम झालेलं असावं. तेवढंच त्याला बरं वाटेल. कॅनला हात लावला. कोमट लागला. बरणी ओतली.

हात मी टॉवेलला लावला होता.

विम आधी परतला. त्यानं रिकामी बरणी पाहिली, कॅनमध्ये थर्मामीटर बुडवला. त्रेसष्ट अंश. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला शिवी दिली नाही.

तेवढ्यात लिंडसे आला. "घातलंस पण? एवढी कसली घाई होती रे?"

"थंड झाला होता," विम म्हणाला आणि थर्मामीटर खिशात घातला.

रविवारी सकाळी लिंडसे कबरीवर फुलं ठेवायला गेला, तेव्हा मी दुकानातल्या यीस्टचं पाकीट कॅनमध्ये रिकामं केलं. संध्याकाळी त्याचा फोन.

"डेस, बुडबुडे येताहेत! थांब, ऐक." त्यानं फोन कॅनला लावला. मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

सहा आठवड्यांनी बाटली उघडली. बिअर चांगली झाली होती, हे आणखी वाईट.

"अगदी तिच्यासारखी," लिंडसे म्हणाला. विम कोंबड्या बघायला बाहेर गेला. लिंडसेकडे कोंबड्या नाहीत.

मग लिंडसेनं जॅमची एक बरणी माझ्या हातात दिली. आत गाळ, बाहेर चिठ्ठी: नोएलीन.

"अर्धी तुझ्याकडे ठेव. माझा फ्रिज जुना झालाय, कधी बंद पडेल सांगता येत नाही. विम धांदरट. तू जपशील."

बरणी माझ्या फ्रिजमध्ये लोण्यामागे आहे. महिन्याच्या महिन्याला मी तिला साखरपाणी घालतो. लिंडसे फोन करून विचारतो, "कशी आहे?"

"बरी आहे," मी सांगतो.